मुंबई–कोलकाता : अंतर एक, वेळा दोन

हिवाळ्यातील एखाद्या महिन्याचे विमानांचे वेळापत्रक हाती घेऊन मुंबई व कोलकाता ह्या दोन शहरांमधील उड्डाणे पाहिली, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. मुंबईहून कोलकात्यास जाणाऱ्या विमानास साधारणपणे अडीच तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो; कोलकात्याहून मुंबईस येणाऱ्या विमानास मात्र पावणेतीन ते तीन तास द्यावे लागतात. विमान त्याच जातीचे, वैमानिक त्याच तालमीत तयार झालेले, खालचा मुलूखही तोच. घाटरस्त्याने जाताना चढणीला वेळ लागतो व उतरणीला लागत नाही हे आपण समजू शकतो; पण आकाशात चढण कोठली?

शाळेतील चुणचुणीत मुले ह्या प्रश्नाला एक उत्तर देतात व ते उत्तर चुकीचे आहे. त्याचा परामर्श आपण पुढे घेऊ. प्रथम अंतराचा विचार करू. ‘ह्या दोन शहरांमधील अंतर किती?’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ज्याने त्याने आपापल्या वाटेने मोजावे आणि ज्याची त्याची संख्या निराळी यावी, असा हा प्रकार आहे.

आगगाडीचे उदाहरण घेऊ. १८७० साली जबलपूर येथे दोन रेल्वे कंपन्यांचे रूळ एकमेकांना मिळाले आणि मुंबई व तेव्हाचे कलकत्ता ही शहरे प्रथमच लोहमार्गाने जोडली गेली. ज्यूल व्हर्न ह्या फ्रेंच कादंबरीकाराने ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या आपल्या नायकासाठी जे कोष्टक आखून दिले, त्यात मुंबई ते कलकत्ता ह्या टप्प्याला तीन दिवस धरलेले आहेत. (कादंबरीत तो मार्ग मध्येच अपुरा निघतो व नायकाला हत्ती विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट निराळी.) पुढे नागपूरवरून जाणारा जवळचा मार्ग तयार झाला. त्या मार्गाने मुंबई ते हावडा हे अंतर १,९६८ किलोमीटर भरते आणि आज जलद गाड्या ते सव्वीस ते तीस-एकतीस तासांत तोडतात. रूळ नद्यांना पूल सापडेल तेथून ओलांडतात, घाटात वळणे घेतात, कोळशाच्या खाणी व मोठी गावे ह्यांना भेटी देत जातात. म्हणून ही संख्या मोठी.

विमानास ह्यातले काहीच आड येत नाही. त्याला हवी असते ती दोन गावांना जोडणारी सर्वांत जवळची वाट. परंतु पृथ्वी गोल असल्यामुळे ही वाट खऱ्या अर्थाने सरळ रेषा असू शकत नाही. एखाद्या संत्र्यावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो दोरा ज्या वाटेने संत्र्याच्या सालीला चिकटून बसेल, ती जवळची वाट. हीच वाट पुढे वाढवत नेली तर ती संत्र्याचे बरोबर दोन अर्ध करते. अशा वर्तुळाला महावृत्त म्हणतात. विषुववृत्त हे एक महावृत्त आहे, प्रत्येक रेखावृत्त हा महावृत्ताचा अर्धा भाग आहे. आणि मुंबई व कोलकाता ह्यांच्यामधूनही असे एक आणि एकच महावृत्त जाते.

ह्या वाटेची लांबी काढण्यास कोणास भूमीवर साखळी घेऊन फिरावे लागत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश व रेखांश माहीत असले म्हणजे पुरे. मुंबईचा विमानतळ १९ अंश ५ कला उत्तर अक्षांशावर व ७२ अंश ५२ कला पूर्व रेखांशावर आहे. कोलकात्याचा, म्हणजे दमदमचा विमानतळ २२ अंश ३९ कला उत्तर अक्षांशावर व ८८ अंश २७ कला पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर महावृत्ताचा एक अंश सुमारे १११.२ किलोमीटरांचा होतो. अंशांतील फरकावरून कोसांतील अंतर व अंतरावरून पृथ्वीचा परिघ काढण्याची ही त्रैराशिकाची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’ ह्या ग्रंथात ती दिलेली आहे.

आता हिशेब करू. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला तो सहज जमण्यासारखा आहे. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांतील फरक ३ अंश ३४ कला, म्हणजे ३.५७ अंश. त्याला १११.२ ने गुणले की उत्तर-दक्षिण अंतर मिळते. ते ३९७ किलोमीटर. रेखांशांतील फरक १५ अंश ३५ कला, म्हणजे १५.५८ अंश. मात्र येथे एक सावधगिरी हवी. रेखावृत्ते ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे रेखांशाचा अंश विषुववृत्तावर असतो तेवढा येथे लांब नसतो. तो किती आखडला हे अक्षांशाच्या कोज्येवरून समजते. दोन्ही शहरांचा मध्यम अक्षांश सुमारे २०.८७ अंश, त्याची कोज्या ०.९३४४. म्हणून पूर्व-पश्चिम अंतर १५.५८ × १११.२ × ०.९३४४, म्हणजे सुमारे १,६१९ किलोमीटर. ह्या दोन बाजू काटकोनात आहेत असे मानून पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढला की १,६६७ किलोमीटर हे उत्तर येते.

गोलीय त्रिकोणमितीच्या सूत्राने काटेकोर हिशेब केला तर उत्तर १,६६५ येते. म्हणजे जमीन सपाट मानण्याची मोठी चूक करूनही आपण अवघे दोन किलोमीटर चुकलो! पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, ही गोष्ट हिशेबात घेतली तर १,६६५ मध्ये पुन्हा सुमारे दोन किलोमीटरांची भर पडते. आपल्या कामासाठी १,६६५ ही संख्या पुरेशी आहे. दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को अशी दूरची शहरे घेतली असती तर मात्र ही सपाट भूमीची रीत पार फसली असती.

नकाशावर ही रेषा काढली तर ती नागपूरला जवळजवळ स्पर्श करून जाते. मुंबई ते नागपूर ६८३ किलोमीटर व नागपूर ते कोलकाता ९८५ किलोमीटर. दोहोंची बेरीज १,६६८. नागपूरला उतरून जाण्याने अवघे तीन किलोमीटर वाढतात. देशाच्या डाकविभागाने ह्या भूगोलाचा एकदा फार सुंदर उपयोग करून घेतला होता. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास ह्या चार शहरांतून सायंकाळनंतर टपालाची विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र जमत, तेथे पिशव्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येक विमान परत आपल्या गावी पोचलेले असे. त्या काळच्या डकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर. मुंबईहून नागपूर गाठण्यास त्याला अडीच तासांच्या आसपास लागत. मध्यरात्रीची भेट साधण्यास हे अंतर जणू मापून दिले होते. ही व्यवस्था १९७० नंतरच्या दशकात बंद पडली.

अंतर तेच राहिले; वेग मात्र बदलत गेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी एका छोट्या, एका एंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर टपाल आणली, तेव्हा त्यांच्या विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. त्या वेगाने मुंबई ते कलकत्ता अंतर तोडायचे म्हटले असते तर दहा तासांहून अधिक काळ हवेत राहावे लागले असते. डकोटाने ते सहा तासांवर आणले. १९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट विमाने आली आणि हा काळ साडेतीन तासांच्या आत आला. १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट विमान दाखल झाले व तो दोन तासांच्या जवळपास येऊन ठेपला.

आणि तेथेच थांबला. १९३२ ते १९६४ ह्या बत्तीस वर्षांत विमान पाचपट वेगवान झाले. त्यानंतरच्या साठ वर्षांत ते जवळजवळ जराही वेगवान झालेले नाही. इतर सर्वच बाबतींत विमानविद्येने मोठी मजल मारली असताना हे असे का झाले, ह्याचा विचार वाचकांपैकी फारच थोड्यांनी केला असेल. ह्याचे कारण ध्वनीचा वेग. विमान ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाऊ लागले की पंखावरून वाहणारी हवा काही ठिकाणी ध्वनीहून अधिक वेगवान होते, तेथे आघाततरंग उत्पन्न होतात आणि हवेचा अडथळा एकाएकी वाढतो. थोडासा वेग वाढविण्यासाठी मग भरमसाट इंधन जाळावे लागते. ही वेस ओलांडून जाणारे काँकॉर्ड विमान १९७६ पासून २००३ पर्यंत उतारूंची वाहतूक करीत होते. पण तो व्यवहार बहुतेक सर्वांच्या आवाक्याबाहेरचा ठरला. म्हणून देशांतर्गत मार्गांवर वापरली जाणारी एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ ह्यांसारखी विमाने ध्वनिवेगाच्या सुमारे ७८ शतांशावर समाधान मानतात. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे पन्नास अंशांच्या आसपासच्या थंडीत, ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६५ किलोमीटर असतो. त्याचे ७८ शतांश म्हणजे ताशी ८३० किलोमीटर.

१,६६५ ला ८३० ने भागले तर उत्तर दोन तास येते. मग वेळापत्रकात अडीच-तीन तास कसे? वेळापत्रकातील वेळ ही उड्डाणाची वेळ नसून, विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या गावी जागेवर उभे राहीपर्यंतची वेळ असते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, पुढच्या विमानांच्या रांगेत थांबणे, हे सर्व तिच्यात येते. मुंबईस वारा बहुधा समुद्राकडून येत असल्याने, आणि विमानास वाऱ्याला तोंड देऊनच उडावे लागत असल्याने, पूर्वेकडे कोलकात्यास निघालेले विमान प्रथम पश्चिमेकडे अरबी समुद्रावर झेपावते व मग वळण घेऊन परत किनारा ओलांडते. दहा हजार फुटांखाली वेगावर ताशी सुमारे ४६० किलोमीटरांची मर्यादा असते. चढताना व उतरताना पूर्ण वेग नसतोच. शिवाय आकाशही सर्वत्र मोकळे नसते. संरक्षणदलांसाठी राखून ठेवलेले भाग टाळून, ठरवून दिलेल्या हवाई वाटांनी जावे लागते व १,६६५ चे थोडे अधिक होतात. उतरण्याची गर्दी असेल तर घिरट्या घालाव्या लागतात त्या निराळ्याच. अशा रीतीने अर्धा-पाऊण तास बघता बघता खर्ची पडतो. हा खर्च मात्र जाताना व येताना सामान्यतः सारखाच असतो; त्याने आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आता त्या चुकीच्या उत्तराकडे वळू. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान हवेत असताना पृथ्वी त्याच्याखालून सरकते, आणि म्हणून वेळेत फरक पडतो, असे अनेकांस वाटते. तसे असते तर फळ उलटे मिळाले असते. कोलकात्याहून निघालेले विमान नुसते हवेत तरंगत राहिले तरी मुंबई आपण होऊन त्याच्याकडे धावत आली असती. कारण ह्या अक्षांशावर भूमीचा फिरण्याचा वेग ताशी १,५६० किलोमीटरांहून कमी नाही, म्हणजे विमानाच्या वेगाच्या जवळजवळ दुप्पट! परंतु धावत्या आगगाडीच्या डब्यात उडणारी माशी जशी डब्याबरोबर जाते, तशीच पृथ्वीबरोबर तिच्यावरील हवा फिरते, आणि हवेबरोबर विमान. पृथ्वीचे फिरणे विमानास जाणवतच नाही. जाणवते ते एवढेच, की हवा भूमीच्या तुलनेत किती सरकते आहे. हे सरकणे म्हणजेच वारा.

विमान हवेत पोहते. त्याचा ताशी ८३० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतील आहे, भूमीच्या तुलनेतील नव्हे. समजा, त्या उंचीवर पश्चिमेकडून ताशी १०० किलोमीटर वेगाने वारा वाहत आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाचा भूमीवरील वेग मग ९३० होईल व १,६६५ किलोमीटर ते १ तास ४७ मिनिटांत तोडील. पश्चिमेकडे येणाऱ्या विमानाचा वेग ७३० च राहील व त्याला २ तास १७ मिनिटे लागतील. ह्या एका वाऱ्यानेच अर्ध्या तासाचा फरक पडला.

येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. वाऱ्याने जाताना जे दिले ते येताना काढून घेतले, म्हणजे एकंदर हिशेब फिटला, असे कोणीही म्हणेल. तो फिटत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन ४ तास १ मिनिट लागले असते. वाऱ्यामुळे १ तास ४७ मिनिटे व २ तास १७ मिनिटे मिळून ४ तास ४ मिनिटे लागली. वारा जाताना साहाय्य करतो ते थोडा वेळ, कारण विमान लवकर पोचते. येताना अडवतो तो अधिक वेळ, कारण विमान रेंगाळते. हुगळीच्या ओढीत नाव वल्हवणाऱ्या नावाड्याला हा हिशेब अंगमेहनतीने ठाऊक असतो. वारा जितका जोरदार तितका हा तोटा वाढतो. आणि वाऱ्याचा वेग विमानाच्या वेगाइतका झाला तर जाणे निम्म्या वेळात होईल, पण येणे कधीच होणार नाही. ह्याच साध्या हिशेबाच्या आधारे १८८७ साली मायकेलसन व मोर्ले ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रकाशाची किरणे आडवी-उभी धाडून, सर्व अवकाश व्यापून राहिलेल्या ‘ईथर’ ह्या कल्पित द्रव्याचा वारा मोजण्याचा प्रयत्न केला होता. त्यांना तो वारा सापडला नाही, आणि त्या न सापडण्यातून पदार्थविज्ञानाला निराळेच वळण लागले.

इतक्या उंचीवर असा वारा खरोखरच असतो काय? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी फारच थोड्या लोकांस सुचला होता. त्यांपैकी वासाबुरो ओइशी हे एक. जपानमधील ताटेनो येथील उच्चवातावरणाच्या वेधशाळेत ते हवेत फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग काढीत. हिवाळ्यात हे फुगे काही उंचीवर पोचताच पूर्वेकडे विलक्षण वेगाने वाहून जातात, असे त्यांस आढळले. १९२६ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि ते जगातील सर्वांस वाचता यावेत ह्या उदात्त हेतूने एस्पेरान्तो ह्या कृत्रिम जागतिक भाषेत लिहिले! परिणाम असा झाला की ते जवळजवळ कोणीच वाचले नाहीत. १९४४ मध्ये जपानवर चालून गेलेल्या अमेरिकन बाँबफेकी विमानांस नऊ-दहा किलोमीटर उंचीवर हाच वारा प्रत्यक्ष भेटला, तेव्हा त्यांचे सारे नेम चुकू लागले.

ह्या वाऱ्याच्या अरुंद व वेगवान पट्ट्याला आज जेट प्रवाह म्हणतात. आपण त्याला झोतवारा म्हणू. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढून ध्रुवाकडे सरकू लागते. मात्र विषुववृत्तावर असताना पृथ्वीबरोबर पूर्वेकडे जाण्याचा जो मोठा वेग तिच्या अंगी असतो, तो ती बरोबर घेऊन येते. आणि उत्तरेकडे भूमीचा वेग कमी कमी होत असल्याने ही हवा भूमीच्या पुढे धावू लागते. भूमीवर उभे राहून पाहणाऱ्यास तो पश्चिमेकडून येणारा जोराचा वारा वाटतो. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध आहे खरा, पण तो वाऱ्याच्या द्वारे आणि मुलांच्या कल्पनेच्या नेमका उलट दिशेने.

हिवाळ्यात हा झोतवारा हिमालयाच्या दक्षिणेस, उत्तर भारतावरून, सुमारे बारा किलोमीटर उंचीवर वाहतो. त्याच्या गाभ्यात ताशी १८० किलोमीटर व त्याहूनही अधिक वेग आढळतो. मुंबई–कोलकाता वाट ह्या गाभ्याच्या दक्षिणेस असल्याने तिला त्याचा पूर्ण तडाखा बसत नाही. तरी त्याची बाजू तिला लागते व वर मानलेला शंभर किलोमीटरांचा वारा हिवाळ्यात काही अपूर्वाईचा नव्हे.

मात्र भारताच्या आकाशाचे वैशिष्ट्य असे, की हे चित्र बारमाही नाही. जून महिन्यात मोसमी पाऊस येतो त्याच सुमारास पश्चिमेचा झोतवारा हिमालय ओलांडून उत्तरेस निघून जातो आणि द्वीपकल्पावर, चौदा-सोळा किलोमीटरांच्या उंचीवर, नेमका उलट म्हणजे पूर्वेकडून येणारा झोतवारा अवतरतो. ह्या पूर्व झोतवाऱ्याचे स्वरूप जगापुढे मांडले ते पी. कोटेश्वरम् ह्या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी; त्यांचा ह्या विषयावरील विख्यात निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुखही झाले. उन्हाळ्यात तिबेटचे उंच पठार तापून त्यावरची हवा दक्षिणेकडील समुद्रावरच्या हवेपेक्षा उष्ण होते; नेहमीची उत्तर थंड व दक्षिण उष्ण ही व्यवस्था उलटते, आणि तिच्याबरोबर वरच्या वाऱ्याची दिशाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या वाटेवर विमानाच्या उंचीला पूर्वेचाच वारा असतो. तेव्हा पारडे फिरते व कोलकात्याहून मुंबईस येणारे विमान हवेत कमी वेळ काढते. ढगांचे डोंगर टाळण्यासाठी घ्यावी लागणारी वळणे हा लाभ पुष्कळदा खाऊन टाकतात, हे खरे. पण वाऱ्याचा कौल बदललेला असतो.

पंधरा-वीस मिनिटांची ही एवढी चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. उतारूच्या दृष्टीने ती किरकोळ आहेत. वैमानिकाच्या दृष्टीने नाहीत. आपण मानलेल्या जातीचे विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळते. अर्ध्या तासाचा फरक म्हणजे सव्वा टन. रस्त्यात पंप नाहीत. जे लागेल ते निघतानाच बरोबर घ्यावे लागते. बरे, हवे तेवढे भरून घ्यावे तर इंधनालाही वजन असते व ते वजन वाहून नेण्यासाठी पुन्हा इंधन जळते.

म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी हवामान खात्याकडून निरनिराळ्या उंचींवरील वाऱ्यांचे अंदाज घेऊन वेळेचा व इंधनाचा हिशेब मांडला जातो. डिसेंबर-जानेवारीतील एखाद्या पहाटे कोलकात्यावर दाट धुके उतरले आणि धावपट्टी दिसेनाशी झाली, तर विमानास भुवनेश्वर किंवा रांची असे दुसरे ठिकाण गाठता आले पाहिजे. तेथे पोचल्यावरही आणखी अर्धा तास हवेत राहता येईल एवढे इंधन टाकीत शिल्लक असले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अनपेक्षित अडचणींसाठी म्हणून थोडे निराळे ठेवावे लागते. ज्या आकड्यास आपण वेळापत्रकात सहज नजर टाकून सोडून देतो, त्याच्यावर शे-दीडशे माणसांचा सुखरूप उतरण्याचा हिशेब उभा असतो.

वाऱ्याचा हा विचार लांबच्या प्रवासात किती मोलाचा ठरतो, ह्याचे एक अलीकडचे भारतीय उदाहरण आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मध्ये न थांबणारे विमान सुरू केले. प्रथम ते युरोप व अटलांटिक महासागर ओलांडून, म्हणजे पश्चिमेकडून जात असे. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यास प्रारंभ केला. ही वाट १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे १,४०० किलोमीटरांनी लांब. जवळजवळ मुंबईहून कोलकात्याइतकी वाट वाढली. पण झोतवारा पाठीशी घेतल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांवर आला व पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास वाचले. दूरची वाट लवकर पोचवते, असे ह्या विमानाच्या बाबतीत अक्षरशः घडले.

मुंबई व कोलकाता ह्यांच्या वेळेसंबंधी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी राहिली. ह्या दोन शहरांमध्ये रेखांशाचे साडेपंधरा अंशांहून अधिक अंतर आहे. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. तेव्हा सूर्य कोलकात्याच्या माथ्यावर मुंबईपेक्षा बासष्ट मिनिटे आधी येतो. पूर्वी प्रत्येक शहर आपल्या सूर्याप्रमाणेच घड्याळ लावी. मुंबईचे घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होते व कलकत्त्याचे ५ तास ५३ मिनिटे. रेल्वेने ह्या दोघांच्या भानगडीत न पडता मद्रासची वेळ पत्करली होती. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी ह्या दोन शहरांनी आपला हेका सोडला नाही. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत चालविली आणि मुंबईने तर १९५५ पर्यंत.

त्या वेळा आजही चालू असत्या तर काय झाले असते? हिवाळ्यात मुंबईहून अडीच तासांत कोलकात्यास पोचणाऱ्या उतारूने तेथील भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले असते, तर त्याला तीन तास बत्तीस मिनिटे गेलेली दिसली असती. आणि परतीच्या वाटेवर वाऱ्याशी झगडत पावणेतीन तासांहून अधिक काळ काढून जो मुंबईस उतरला, त्याच्या दोन्ही घड्याळांत फरक निघाला असता तो पावणेदोन तासांच्या आसपासचा. वाऱ्याने जो प्रवास जवळ केला तोच घड्याळाने लांबविला असता, आणि आमच्या चुणचुणीत मुलांचे उत्तर त्या दिवसापुरते बरोबर ठरले असते.